लाल कोटातला एक

क्लोनडॉकिनचे आमचे म्हातारे आयरिश शेजारी कशालाही ‘ग्रँड’, म्हणजे ‘मस्त’, म्हणायचे. पावसालाही आणि मी दिलेल्या करपलेल्या पोह्यांनाही. शब्दकोड्यासाठी कानामागे कायम खोडरबरवाली पेन्सिल. लॉकडाऊनमध्ये माझी मुलगी शाळेचं काम त्यांना कुंपणावरून दाखवायची. एकदा तिने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं चित्र नेलं. लाल कोटातल्या प्रत्येक इंग्रज सैनिकाला तिने पेन्सिलीने राक्षसाचे सुळे रेखाटले होते.

या वेळी ते ‘ग्रँड’ म्हणाले नाहीत. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी एकाचेच सुळे हळूच खोडले.

“यांच्यात आमची आयरिश पोरंही होती, बाळा. पोटासाठी गेलेली.”

मुलीने ‘खरंच?’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. माझे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.