साहेबांची आंघोळ आणि लाजरी

“ही वाट आता बंद,” साहेब उकिडवे बसल्या बसल्याच म्हणाले आणि त्यांनी पुन्हा एका पानाला बोट लावलं. पान मिटलं. साहेब खूश.

कापूस लागोपाठ बुडत होता ती वर्षं. झरी जामणीच्या जंगलात आमचा वनस्पतींचा सर्व्हे चालला होता. मी त्यात बॉटनिस्ट, साहेब नागपूरहून आलेले प्रोजेक्ट हेड. त्यांना भुरळ पडली होती आंबुशीच्या कुळातल्या एका वीतभर रोपाची. शेंड्याला पानांची छत्री, छोटासा माडच जणू. हात लावला की पानं मिटतात, म्हणून आम्ही तिला लाजरी म्हणायचो. सावली, ओल आणि उघडी माती मिळाली की ही बाई खूश.

जवळच्या गावातली सुमनबाई शेळ्या घेऊन वाटेतच उभी होती. नाल्यावर जायला तिला ही एकच वाट.

“साहेब, कापूस तं अळीनं खाल्ला. आता शेळ्याच घर चालवून राह्यल्या. त्याइले पाणी कुठं पाजू?”

“शेळ्या गवत खातात म्हणून तर ही बुटकी इथं तगलीय, साहेब,” मी म्हटलं. “वाट बंद केली तर गवत माजेल आणि ही दडपून मरेल.”

“मॅडम, मला हॅबिटॅट शिकवू नका.” हॅबिटॅट म्हणजे झाडाचं राहतं घर. “जिथं ही उगवते तिथं कुणी पाय ठेवायचा नाही. उद्याच वनखात्याच्या रेंज ऑफिसला कळवतो.”

मला असा राग आला! पण चेहरा गरीब ठेवून विचारलं, “सगळीकडे ना, साहेब?”

“सगळीकडे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी रेस्ट हाउसवर साहेब टॉवेल खांद्यावर टाकून निघाले आणि थबकले. न्हाणीघराच्या दाराला आडवी सुतळी. तिला पुठ्ठा लटकवलेला: ‘प्रवेश बंद’.

“हा काय चावटपणा?”

“लाजरी, साहेब.” मी खाली बोट दाखवलं. उंबऱ्याच्या ओल्या विटांच्या फटीफटीतून ती दाटीनं उगवली होती. “पाय ठेवायचा नाही म्हणालात.”

“अहो, इथं रोज माणसं ये-जा करतात! तरी जगलीच आहे ना ती?”

“तेच तर काल सांगत होते.”

साहेबांनी स्वतःच सुतळी सोडली आणि आत जाऊन धाडकन दार लावलं.

रेंज ऑफिसला काहीच कळवलं गेलं नाही. सुमनबाईच्या शेळ्या त्याच वाटेनं पाण्यावर गेल्या. रिपोर्टात साहेबांनी लिहिलं की वर्दळीनं या रोपाला धोका नाही, असं त्यांच्या ‘प्रत्यक्ष निरीक्षणात’ आलं.

नोकरीत मी शास्त्रीय पुरावे पुष्कळ मांडले. पण वरिष्ठांना एखादी गोष्ट लवकर पटायला हवी असेल, तर त्यांची आंघोळ अडवावी.