पाठमोरा माणूस

"देशमुख, हे भूत आधी खाली उतरवा. उद्या क्लायंट येतायत," मॅनेजर म्हणाले.

भूत म्हणजे मी रंगवलेलं चित्र. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात मी सेफ्टी ऑफिसर आहे. कंटेनरच्या दोन थप्प्यांमध्ये एक अरुंद गल्ली राहते. पलीकडे चहाची टपरी. वळसा नको म्हणून सगळे तिथूनच घुसायचे. त्या गल्लीच्या तोंडावरूनच रीच स्टॅकर मागे येतो. रीच स्टॅकर म्हणजे अख्खा कंटेनर उचलून थप्पीवर ठेवणारं धूड. मागे येताना ड्रायव्हरला माणूस दिसेलच असं नाही. ट्रेनिंग दिलं, पालथ्या घड्यावर पाणी. साखळी लावली, तर खालून वाकून जायला लागले.

तेच माझ्या स्वप्नात यायचं. पुन्हा पुन्हा. एक पाठमोरा माणूस, हातात चहाची किटली, मागून स्टॅकर. मी ओरडतोय आणि आवाज फुटत नाही. घामाघूम होऊन उठायचो. बायको होती तेव्हा पाणी आणून द्यायची. ती गेल्यापासून पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच. पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "बाबा, त्याचं चित्र काढा ना. पूर्वी किती छान काढायचात!"

कागद पुरेना. मग जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या बाजूवर, बाल्कनीत बसून, ऑइल पेंटने काढलं. बरेच रविवार गेले. चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता, स्वप्नात तो कधी वळलाच नाही. त्याची पाठ मात्र मी मन लावून रंगवली. घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटायचं.

गुंडाळी घेऊन निघालो तर रिक्षावाल्याने विचारलं, "काका, कोणाचा बर्थडे?"

"माझाच," म्हटलं. त्याने हॅपी बर्थडे केलं. खोटं का होईना, बरं वाटलं.

चित्र गल्लीच्या तोंडाशी लावलं आणि लोक चक्क वळसा घालू लागले. तेवढ्यात मॅनेजरचं हे फर्मान.

"सर, लोक आत जायचे थांबलेत."

"असतील. पण क्लायंटला काय दाखवू? ते अंगठा वर केलेल्या हेल्मेटवाल्याचं पोस्टर लावा."

"त्याच्यासमोरूनच तर सगळे आत शिरायचे."

"देशमुख, प्लीज."

उतरवलं. नोकरी आहे.

दुसऱ्या दिवशी क्लायंटसाठी चहा आणायला आमचा मुकादम दशरथ किटली घेऊन निघाला. घाईत होता, गल्लीकडेच वळला. मी लांबून पाहिलं. स्टॅकर मागे येत होता. मी ओरडलो, इंजिनांच्या आवाजात कुठलं ऐकू जातंय! मी पळत सुटलो. पण दशरथ गल्लीच्या तोंडाशी थबकला. त्याच्यासमोरून धूड निघून गेलं.

मी धापा टाकत पोचलो. "थांबलास कसा?"

"साहेब, तितं तुमचा मानूस दिसला."

"अरे, चित्र तर काल उतरवलं."

"ठाव हाय. तरी पन दिसला. मला वाटलं, मीच हाय त्यो."

मॅनेजर सगळं बघत होते. संध्याकाळी स्वतः म्हणाले, "देशमुख, लावा ते परत."

चित्र अजून तिथेच आहे. स्वप्न पडायचं बंद झालं. मुलीला कळवलं. "छानच की!" म्हणाली, आणि मीटिंग होती म्हणून फोन ठेवला. खरं सांगतो, त्या माणसाची आठवण येते. तो निदान येत तरी होता.

सेफ्टीच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळते. अपघात झाला की सगळ्यांचे फोन येतात. टळला की कोणाचाच येत नाही.