काहूनमाय आणि मोर्णाकाठचे वाफे

मयताच्या घरीही काहूनमाय प्रश्न विचारायची. आमच्या गल्लीतला एक म्हातारा गेला तेव्हा बायका रडत बसल्या होत्या आणि ती त्याच्या सुनेजवळ सरकून हळूच विचारत होती, "बाई, तुया सासरा दुधीचा येल कोन्या बाजूनं चढवे? माया येल तं वर जातच नाही." सून रडता रडता म्हणाली, "उगवतीकडून. सकायचं ऊन लागलं पायजे म्हने." मग पुष्कळ वेळ त्या दोघी त्या वेलाबद्दल आणि म्हाताऱ्याबद्दल बोलत राहिल्या. पुढे ती सून मला म्हणाली, "बाकीच्या बाया चांगलं चांगलं बोलून गेल्या. सासऱ्याची खरी आठवन त्या माळनीनंच काढली."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकडे उतरणाऱ्या गल्लीत आम्ही राहत होतो. काहूनमायचे घर शेवटचे, त्यापुढे नदी. जातीने ती माळीण. नवरा तरुणपणीच गेलेला, किसना नावाचा एकच मुलगा. तिचे खरे नाव गल्लीत कोणाला आठवत नव्हते. प्रत्येक गोष्टीला ती "काहून?" म्हणायची, म्हणून काहूनमाय. तिला त्याचा राग नव्हता. उलट नव्या माणसाला तीच सांगायची, "मले काहूनमाय म्हन. दुसरं नाव घेशीन तं मी पायनारच नाही."

मी तिवश्याहून सून होऊन आले, त्या दिवशी उंबरठ्यावरचे माप ओलांडून झाले न झाले तोच गर्दीतून एक सुरकुतलेले तोंड पुढे आले. "तिवश्याकडचं घोसाळं कडू निंगते म्हंतात. काहून?" मला हसावे की रडावे कळेना. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष नको देऊ, थे तशीच हाये." पण खरे सांगायचे तर त्या अनोळखी घरात मला माझ्या गावाबद्दल कोणी काही विचारले, ते तिनेच. दुसऱ्या दिवशी मी माहेराहून आणलेल्या वालाच्या बिया तिच्या हातावर ठेवल्या. ती त्या उन्हाकडे धरून पाहत बसली.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली होती आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला होता. रस्त्याने गाड्यांची रीघ लागलेली असायची. तुळशीवर कापूस, पाण्याच्या रांजणात कापूस, पोरांच्या केसांत कापूस. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमच्या घरीही पातूरच्या रस्त्यावरचे शेत होते, तिथली ज्वारी गेली आणि बांधापर्यंत कापूस आला. माळ्यांनी वांगी-मेथीचे मळे नांगरले. बाजारात भाजी मिळेनाशी झाली, तेव्हा पैसेवाल्या घरांतही चून-भाकरीवर दिवस निघू लागले.

किसनानेही मळा मोडला. काहूनमायने हरकत घेतली नाही, फक्त विचारले, "कापसाले एवढा भाव काहून आला?"

"तिकडं लढाई सुरू हाये, माय."

"मंग लढाई सरल्यावर?"

किसना म्हणाला, "तवाचं तवा पाहू." आज लोक सांगतात की म्हातारीला पुढचे दिसले होते. मला तसे वाटत नाही. तिला जाणून घ्यायचे होते, एवढेच. उत्तर नाही म्हटल्यावर ती भाजीचे बी निवडायला लागली. कोनाड्यातल्या मडक्यांत राख घालून तिने ते ठेवलेले होते. मळा नव्हता, मग पेरायचे कुठे, हा तिचा पुढचा प्रश्न होता.

नदीकाठी गावाची पडीत जागा होती. पावसाळ्यात पाणी चढायचे आणि ओसरताना गाळ टाकून जायचे. काहूनमाय पाटलाकडे न जाता पाटलीणबाईंकडे गेली. त्यांना सांडग्यांसाठी कोहळे हवे होते आणि ते कुठेच मिळत नव्हते. "कोहये मी देतो, जागा तुमी द्या," म्हणाली. जागा मिळाली. मग ती घरोघर फिरली आणि ज्या बाईने हो म्हटले तिला एक वाफा आखून दिला. मला एक मिळाला, सासूबाईंनी हट्टाने वेगळा घेतला. काठचा, पाण्याजवळचा वाफा तिने फातमाबीला दिला.

फातमाबी विणकराची बायको. साऱ्या मुलखाला कापसाने बरकत आणली, पण तिच्या घरचा माग बंद पडला, कारण सूत घेणे विणकरांना झेपेना. तिचा नवरा दिवसभर रिकाम्या मागापुढे बसायचा. वाफ्याची गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली होती, "माय, मुजे खेती का कुछ नहीं आता." काहूनमाय म्हणाली, "मले तरी कुठी इनता येते? तू सूत कसं धरते ते मले दाखव, मी तुले रोप कसं धरते ते दाखवतो." आणि ती खरोखर दोन दुपारी मागावर जाऊन बसली. धागे तोडून आली, पण फातमाबी वाफ्यावर आली.

वाफ्यांचा नियम एकच होता. वेलावरचे, झाडावरचे पहिल्या प्रतीचे फळ खायचे नाही. त्याला चिंधी बांधायची आणि बियांसाठी सोडायचे. "चांगलं खाऊन टाकाल अन् वाइटाचं बी धराल, तं लेकरं काय खातीन?" आमच्या सासूबाईंना हे पटत नसे. एकदा त्यांनी स्वतःच्या वाफ्यातले चिंधी बांधलेले वांगे तोडून भरीत केले. काहूनमायला कळले. ती आली, चुलीजवळ बसली आणि म्हणाली, "कसं लागलं?" सासूबाई जाळ सारू लागल्या. "इचारून राहिली मी. चांगलं लागलं असन तं मलेही सांग, वास तं भारी येऊन राहिला." शेवटी सासूबाईंनी तिच्यापुढे भरीत ठेवले. ती चवीने खाऊन गेली आणि जाताना आपल्या झाडावरचे, चिंधी बांधलेले एक वांगे सासूबाईंच्या नावाने राखून ठेवते म्हणून सांगून गेली. त्यानंतर सासूबाईंनी चिंधीला हात लावला नाही.

पौषात वाफ्यांजवळ रोडगे होत. गोवऱ्यांचा जाळ करून त्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे आणि प्रत्येकीने आपल्या वाफ्यातले काही आणायचे. कोणाचा मुळा किती लांब, कोणाच्या वांग्यात बिया कमी, हे सगळ्या मिळून पाहत. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. चुली वेगवेगळ्या मांडल्या तरी फातमाबी बाजूला पडली. काहूनमाय म्हणाली, "शिजल्याचा इटाय असते. कच्च्याचा कुठी असते? बाजारातून घेतोच ना आपन?" मग फातमाबीच्या काकड्या आणि पुदिना हातोहात फिरला, आणि पुढच्या पौषापासून बायका आधी कच्चे खाऊ लागल्या, रोडगे मागाहून.

तिचे सगळेच अंदाज बरोबर येत असे नाही. सरकारी माणसे परदेशी कापसाचे बी वाटून गेली तेव्हा तिने मूठभर मागून आणले. हे झाड आपल्या झाडाला मागे टाकेल असे ती आम्हा सगळ्यांना सांगत सुटली. झाड उंच झाले, मोठाली फुले आली, आणि मग पाने आकसून बोंडे गळाली. आम्हाला वाटले, आता ती तिकडे फिरकणार नाही. तिने उलट सगळ्यांना बोलावले. "मेलं तं मेलं. पन कसं मेलं ते पाहून घ्या." तिने झाड उपटून मुळे धुतली आणि आम्ही त्या ओल्या मुळांभोवती डोकी घालून बसलो. का मेले ते कोणालाच कळले नाही. पण ती दुपार मला अजून आठवते.

दुसऱ्या पौषात संकट आले. मारवाडातून आलेल्या एका कापूस व्यापाऱ्याला गंजी रचायला नदीकाठची जागा हवी होती. पाटील तयार झाले. आणि त्या व्यापाऱ्याच्या वतीने आम्हाला वाफे रिकामे करा म्हणून सांगायला आला तो त्यालाच कापूस विकणारा किसना. चिंधीची फळे अजून पिकायची होती. दुसऱ्या दिवशी काहूनमाय व्यापाऱ्याच्या पेढीवर गेली. सासूबाई सोबत होत्या, म्हणून ही हकीकत मला ठाऊक आहे.

ती गेली आणि ओट्यावर बसून विचारू लागली, "शेटजी, तुमच्या मुलखात भाजी कोन्ती होते?"

शेटजींना वाटले, म्हातारी वेडी आहे. तरी त्यांनी सांगितले की तिथे रेतीतल्या वेलाला काचरी लागते, काकडीसारखीच पण लहान, आंबट, आणि त्यांची आई ती वाळवून पाठवते. त्यांनी घरातून मूठभर आणवून दाखवली. काहूनमायने एक फोड नखाने उकलली. "याच्यात बी हाये. आमच्या नदीच्या गायात येईन काय?"

"नाही येणार," शेटजी म्हणाले.

"काहून?"

शेटजींनी ती मूठभर काचरी तिच्या पदरात टाकली. मग म्हणाले, "होळीपर्यंत ठेवा जागा. उगवलं तर मला सांगा."

उगवले. शेटजी एका सकाळी नदीकाठी आले, धोतर आवरून त्या कोवळ्या वेलाजवळ उकिडवे बसले आणि पानाला बोट लावून म्हणाले, "हेच." त्यांची आई तिकडे एकटी होती, हे त्या दिवशी कळले.

होळीच्या सुमाराला लढाई सरत आल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. शेटजी आपल्या गावी निघून गेले, काचरी लागायच्या आत. ती आम्ही खाल्ली. फातमाबीने चटणी केली म्हणून, नाहीतर कोणालाच आवडली नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाशी किसना वाफ्यांच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याला मळा पुन्हा लावायचा होता आणि भाजीचे बी बाजारात कुठेच नव्हते. काहूनमाय खुरपत होती. "मायाजवळ काही नाही," ती म्हणाली. "सारं या बायायजवळ हाये. त्यायले माग."

याच बायकांना किसनाने जागा सोडा म्हणून सांगितले होते. फातमाबी उठली, घरी गेली आणि वांग्याच्या बियांची पुरचुंडी आणून त्याच्या हातात दिली. "ले, भाई. तेरी माँ का ही है." मग आम्ही सगळ्यांनी दिले. सासूबाईंनी दिले ते सगळ्यात जास्त.

पुढे एका भादव्यात मोर्णेला मोठा पूर आला आणि वाफे, कुंपण, सगळे गेले. काहूनमाय तेव्हा आजारी होती, चालवत नव्हते. पाणी उतरल्यावर कळले की नदीने गाळ पलीकडच्या काठाला टाकला आहे. "मले नेऊन दाखव," ती किसनाला म्हणाली. त्याने तिला पाठीवर घेतले आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेले. आम्ही अलीकडून पाहत होतो. त्याने तिला चिखलात बसवले, तिने मूठभर गाळ घेऊन चोळला, हुंगला, आणि आमच्याकडे वळून ओरडून सांगितले, "आपल्या जागेहून हे चांगलं हाये. फावडे घेऊन या."

आम्ही गेलो. वाफे पडले, बी पडले. कोंब वर आले तेव्हा कार्तिक लागला होता, आणि त्याच आठवड्यात ती गेली.

दहाव्याला गल्लीतल्या सगळ्या बायका किसनाच्या घरी होत्या. फातमाबीला तिथे जागा नव्हती. कोणी तिला ये म्हटले नाही, नको म्हणायचीही कोणाला गरज वाटली नाही. सगळे आटोपून उन्हे कलताना मी पाणी द्यायला पलीकडे गेले, तर ती तिथेच होती, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. सकाळपासून तिने तण काढले होते. आपला वाफा, माझा, सासूबाईंचा, साऱ्या बायकांचा. काहूनमायचा वाफा तिने शेवटी ठेवला होता. मी खुरपे घेऊन तिच्यासमोर बसले, आणि तो आम्ही दोघींनी मिळून निंदला.