काथ्याची भिंत

शेवटचा टाका तिनं मारला. दुपारची जेवणं झाली होती. लाकडी चौकट उभी धरून आम्ही नवराबायको तिच्या दोन बाजूंना बसलो होतो. चौकटीत नारळाचा काथ्या ठासलेला, दोन्ही अंगांना गोणपाट. मी इकडून दाभण खुपसायचो, ती तिकडून ओढायची आणि तिकडून परत खुपसायची. काथ्या वीतभर जाड, दाभण कुठं बाहेर निघेल पत्ता नाही. तीन वेळा टोचली मला. तिसऱ्यांदा मुद्दाम, यात मला शंका नाही.

"काय वो, लागलं?"

"न्हाय. गुदगुल्या झाल्या."

"मग आणखी एक घ्या."

आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. पासष्टी उलटलेली बाई, हसता हसता आडवीच झाली. तिचं बघून मलाही हसू सुटलं. चौकट माझ्या अंगावर पडली, मी चौकटीखाली, ती वर थापा मारतेय. शेजारीण डोकावून गेली.

ही शेवटची चौकट ठोकली आणि मागची भिंत खालपासून वरपर्यंत झाकली गेली.

मागं लूमची, म्हणजे यंत्रमागाची शेड आहे. मधे हातभर बोळ. भिवंडीत असं घर म्हणजे नवल नाही. त्याच शेडमध्ये मी चाळीस वर्षं ड्युटी केली. माझे कान लूमनं खाल्ले, त्यामुळे मला कसला त्रास? मी पडल्या पडल्या घोरतो. हिचे कान मात्र मांजराचे. तरणी होती तेव्हा दिवसभर घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, थकून पडायची, आवाज गेला चुलीत. म्हातारपणी झोप पातळ झाली. दुपारी डोळा लागला की खटाखट, खटाखट. म्हणायची, "माझ्या कवटीत कापड विणतात." तिनं मला सोनं मागितलं नाही, काशी मागितली नाही. दुपारी तासभर पडावं आणि लूम ऐकू येऊ नये, एवढंच. चौथी शिकलेल्या माणसाला हे जमण्यासारखं वाटलं.

आधी मी शहाणपणा केला. लूम सोडल्यावर काल्हेरला गोडाऊनवर वॉचमन होतो, तिथून खोक्यांतलं थर्माकोल आणलं, भिंतभर चिकटवलं. आवाज तसूभर कमी नाही, उलट खोली तापली. ती म्हणाली, "आधी नुसता आवाज होता, आता आवाज आणि भट्टी." काढून टाकलं.

युक्ती तिचीच. पाणी तापवायच्या बंबासाठी आम्ही नारळाची सोडणं साठवतो, म्हणजे वरची जाड सालं. एका पावसाळ्यात ती भिजू नयेत म्हणून आत आणून मागच्या भिंतीला रचली. दोन दिवसांनी तिनं मला हाताला धरून त्या कोपऱ्यात नेलं.

"इथं बसा. कमी येतो ना?"

"मला कुठंच येत न्हाय."

"मेलं माझं नशीब! मी सांगते, कमी येतो."

मग काय, नाक्यावरच्या शहाळेवाल्याची सालं आणि देवळाबाहेरची सोडणं गोळा करायला लागलो. लोकांना वाटलं म्हातारा भंगारात उतरला. कोंकणात काथ्या काढतात तसा काढायचा म्हणून सोडणं पाण्याच्या पिंपात भिजत घातली, तीन आठवडे. असला वास सुटला की सांगायची सोय नाही. गल्लीतल्या लोकांनी पालिकेचा माणूस आणून गटार उघडायला लावलं. आम्ही दोघं साळसूदपणे बघत उभे. हिनं वर त्याला विचारलं, "भाऊ, सापडलं का काय?" शेडचा सेठ माझ्याच वयाचा, त्याच्या बापापासून माझी नोकरी. तो नाकाला रुमाल लावून आला. "भाई, ये क्या पकाया है?" मी म्हटलं, "सेठ, तुमच्या लूमचं औषध." बराच वेळ खोकत हसला. नंतर स्वतःच शेडमधला वाया गेलेला कापूस दोन पोती पाठवून दिला, काथ्यात मिसळायला.

भिजलेली सोडणं मी धोपाटण्यानं बडवायचो, ती केसासारखे धागे ओढून काढायची. संध्याकाळी दोघं अस्वलासारखे दिसायचो. घाईत एक घोळ केला. पहिल्या दोन चौकटी ओल्याच भरल्या. आठवड्याभरात गोणपाट फोडून बाहेर अळंबी! पांढरी, गुबगुबीत, रांगेत. घराच्या भिंतीला पीक आलं. ही म्हणाली, भाजी करते. मी म्हटलं, "कर आणि तूच खा, कायमची शांतता मिळेल." तिनं ओल्या काथ्याचा बोळा फेकून मारला, तो माझ्या चहात पडला. सगळं उसवलं, स्लॅबवर कडकडीत वाळवलं, कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला आणि पुन्हा भरलं.

तर त्या दुपारी भिंत पुरी झाली. लूम जोरात चालू होते. ती म्हणाली, "मी आत पडते. दार लावून घ्या आणि बोळात जाऊन बोंबला. ऐकू आलं तर उत्तर देते."

मी बोळात गेलो. काय ओरडावं? जे ऐकल्यावर ती गप्प बसूच शकणार नाही ते ओरडायचं. भिंतीला तोंड लावून ओरडलो, "तुझ्या आईच्या हातचं कालवण पाणचट!"

उत्तर नाही.

"तुझ्या भावाला लग्नात पगडी उलटी घातली होती!"

उत्तर नाही.

अहो, मी नाचलो. बोळात, हातभर जागेत, दोन्ही कोपरं खरवडून घेत नाचलो. लूमवरची पोरं बाहेर आली. त्यांना सांगितलं तर त्यांनी मला उचलून घेतलं. सेठनं चहा मागवला. मी दोन कप प्यालो आणि काथ्या किती, कापूस किती, सगळ्यांना समजावून सांगितलं. मग तिला सांगायला घरात गेलो.

ती कुशीवर होती. हात गालाखाली. डॉक्टर म्हणाला, पडल्या पडल्याच गेली असेल, तिला कळलंसुद्धा नसेल.

त्याच संध्याकाळी सगळं उरकलं. लोक रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच. भिंतीनं काम केलं की नाही? मी ओरडलो तेव्हा ती होती का? एक मिनिट तरी तिला ती शांतता मिळाली का? कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच सेठकडे गेलो. त्यानं दुखवट्यासाठी लूम बंद ठेवले होते.

"सेठ, चालू करा."

"पागल हो गये क्या? भाभी कल गयी है."

"तिच्यासाठीच सांगतो. चालू करा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊन स्वतः स्विच मारला.

घरी आलो. कोन गावाहून आलेली माझी मुलगी रात्रभर बसून होती, डोळे सुजलेले. तिचे कान आईवर गेलेत. म्हटलं, आत जाऊन पड, दार लावतो, आणि आवाज येतो का ते मला सांग. माझी बहीण म्हणाली, "दादा, डोकं ठिकाणावर ठेव, बायका भेटायला येतील." मी म्हटलं, येऊ देत. पोरगी उठून आत गेली.

थोडं थांबलो. बाहेरून हाक मारली, "येतंय का गं?"

उत्तर नाही.

या वेळी धावलो. दार ढकललं ते जवळजवळ बिजागरीतून निघालं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाकापुढं हात धरला, गरम वारा लागला. तोंड उघडं, घोरत होती, अगदी माझ्यासारखी. मला हसू फुटलं, तोंड दाबून बाहेर आलो.

दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसलो. गावच्या बायका रडत रडत आल्या. उभ्या जन्मात जमलं नाही एवढ्या हळू आवाजात त्यांना सांगितलं, "रडायचं तर ओट्यावर जा. आत पोरगी झोपलीय."