पाळणुकीच्या दिवशी सुरू झालेला कॉम्प्युटर

बाळांनो, उन्हाळ्यात तुम्ही आला होतात, तेव्हा लॅपटॉपचं बटण दाबण्याआधी मी हात जोडते हे पाहून खूप हसलात. "आजी, हा काय देव आहे का?" असं विचारलंत. तेव्हा तुमची निघायची गडबड होती, म्हणून उत्तर राहून गेलं. आता घर शांत आहे. शिवाय तुमचे बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा देवी स्वतः कळफलकाशी येऊन बसते. तसं काही झालं नव्हतं. जे झालं ते माझ्याकडूनच तुम्हाला कळावं, म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी पोलादपूरला शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवत होते. मुंबईच्या एका विश्वस्त निधीने आमच्या शाळेला एक कॉम्प्युटर दिला. सोबतचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं, त्यामुळे तो आपोआप माझ्या गळ्यात पडला. मी तो मनापासून शिकले आणि नववीच्या मुलींना शिकवू लागले. डोंगरातल्या वाड्यांतून चालत येणाऱ्या मुली होत्या त्या. पडद्यावर स्वतःचं नाव हिरव्या अक्षरांत उमटलं की ओंजळीत तोंड लपवून हसायच्या. त्यांतल्या बहुतेकींचं शिक्षण दहावीला थांबणार हे मला ठाऊक होतं. त्याआधी एवढं तरी त्यांच्या हाताखालून जावं, असं मला फार वाटे.

पण ते मशीन लहरी निघालं. कधी बटण दाबताच सुरू होई, तर कधी नुसता पंखा कुरकुरे आणि सगळं गप्प. भातकापणी संपली आणि ते जवळजवळ रोजच रुसून बसू लागलं. मी पुस्तकात सांगितलं होतं त्या क्रमाने सगळं केलं. वायर बदलली, प्लग बदलला, फ्यूज तपासला. वायरमन येऊन बोर्ड उघडून गेला. खोलीतला दिवा लागत होता, त्यामुळे वीज नीट आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो. शिपाई बाळारामने दारावर लिंबू-मिरची बांधली. "बाई, ह्येला नजर लागलीया. तुमच्या पुस्तकात त्ये लिवलेलं नाय," तो म्हणाला.

शेवटी गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मी ते महाडला नेलं. तिथे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडे ते पहिल्या दाबाला सुरू झालं. पुन्हा बंद करून लावलं, तरी सुरू! दुकानदार हसून म्हणाले, "बाई, मशीन ठणठणीत आहे. त्याला पोलादपूरचं पाणी मानवत नाही, एवढंच." शाळेत परत आणलं, लावलं, तर मेल्यासारखं पडून.

अशात निधीचं पत्र आलं. त्यांचे साहेब सोमवारी पाहणीला येणार होते, आणि मशीन वापरात नसेल तर ते मुंबईच्या शाळेला देणार होते. मुलींना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच. रविवारी मी ग्रामदेवीच्या देवळात गेले. खरं सांगते, माझा विश्वास तेव्हा तसा बेताचाच होता. कॉम्प्युटरसाठी देवीपुढे उभं राहायची मला लाजही वाटत होती. नवस बोलले नाही. एवढंच म्हटलं, "माझं सगळं करून झालं, आई. आता मला सुचत नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं हललं.

सोमवारी मशीन दिवसभर मेलेलंच होतं, पण साहेब आले नाहीत. ते तिकडची एक शाळा पाहून खेडहून येत होते आणि कशेडी घाटात एक ट्रक आडवा बंद पडल्यामुळे रस्ता अडला होता. मंगळवारी सकाळी ते दारात उभे राहिले. चहासुद्धा न घेता म्हणाले, "चालू करा." मुली माझ्यामागे श्वास रोखून उभ्या होत्या. मी बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. "बंद करून पुन्हा लावा," साहेब म्हणाले. पुन्हा आली. मग मुलींनी आपापले पाढे पडद्यावर उमटवून दाखवले, साहेबांनी मान डोलावली, आणि मशीन शाळेचंच राहील असं तिथेच सांगून टाकलं. ते गेल्यावर मी खुर्चीत बसून रडले. मुलीही रडल्या, मग सगळ्या हसत सुटलो.

बाहेर व्हरांड्यात शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या गिरणीचे पांडूशेठ मुलाच्या दाखल्यासाठी बसले होते. भातकापणीनंतरच्या या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मी विचारलं, "आज मोकळे कसे?"

"आज देवीची पाळणूक नाय का, बाई! नांगर नाय, मुसळ नाय, गिरणी नाय. हात लावला तर देवी मला पिठात घोळवंल."

मी जागच्या जागी थांबले. भिंतीपलीकडची घरघर त्या सकाळी नव्हती. रोज ऐकून ऐकून तो आवाज मला ऐकूच येईनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी पांडूशेठनी माझ्यासमोर गिरणी लावली, मशीन गप्प. गिरणी थांबवली, मशीन सुरू. शाळेची आणि गिरणीची विजेची तार एकच होती आणि गिरणी चालली की व्होल्टेज खाली जाई. दिव्याला तेवढं पुरे, कॉम्प्युटरला पुरत नसे. मी भीत भीत विचारलं, माझ्या तासापुरती गिरणी थांबवाल का? ते म्हणाले, "देवीसाठी थांबवतो, तर पोरींसाठी नाय थांबवणार व्हय?" पुढे स्टॅबिलायझर येईपर्यंत त्यांनी शब्द पाळला. रांगेतल्या बाया ओरडायच्या, "थांबा गो, बाईंच्या डब्याला भूक लागली!"

व्होल्टेजचं कारण मला समजतं, आणि तेच खरं आहे. पण साहेबांचा सोमवार टळून नेमका पाळणुकीचा दिवस वाट्याला यावा, याचं कारण मी शोधलं नाही आणि आता शोधावंसंही वाटत नाही. आपलं करून संपतं तिथेही कुणीतरी आपल्याला धरून असतं, एवढं मला त्या सकाळी कळलं, आणि पुढच्या पुष्कळ कठीण दिवसांत ते पुरलं.

ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. पांडूशेठही गेले. गाव देवीची पाळणूक अजून पाळतं, आणि शाळेत मुलींचा कॉम्प्युटरचा तास अजून होतो.