सगळ्यांत शेवटी पोचलेली गाडी

दूध तापत ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता, नितीन. "मामा, आबा गेले. पहाटे झोपेतच," एवढंच म्हणाला. मी "बरं, निघतो" म्हणालो, गॅस बंद केला आणि उगाचच ओटा पुसत राहिलो... या वयात अशा फोनची सवय होते. गेल्या वर्षा-दोन वर्षांत इतक्या जणांना पोचवून आलोय, की आता रडूही वेळेवर येत नाही, नुसता थकवा येतो. लोणावळ्याहून सुदुंबऱ्याला जाताना वाटेत एकच विचार डोक्यात घोळत होता. नितीनचे आबा, म्हणजे आमचे दाजी, आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी सगळ्यांच्या आधी पोचले होते. आणि खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सुदुंबऱ्याचं शेतकरी घर, आणि त्याच्या जोडीला चाकणकडच्या एका कारखान्यात मशिनवर गेलेली सगळी उमेदीची वर्षं. मी लोणावळा स्टेशनवर तिकीट खिडकीत. "आमचं मेव्हणं बसल्या जागंवरनं दुनियेला गावाला धाडत्यात, सोता कुटं जात न्हाईत," असं ते चारचौघांत म्हणायचे. मीही सोडायचो नाही. अक्काच्या लग्नात वऱ्हाड दुपारचा मुहूर्त टळून गेल्यावर आलं होतं, कारण नवरदेवाने वाटेत तीन पाहुण्यांकडे चहा घेतला होता. तेव्हापासून कुठल्याही कार्याला दाजी आले, की मी घड्याळ बघायचो आणि ते हसायचे. आमच्यात प्रेमाचं बोलणं असं कधी झालंच नाही. मेव्हण्या-दाजींत ते होतही नाही.

मोटारींच्या शर्यतीचं खूळ त्यांच्या डोक्यात लहानपणापासूनचं. त्यांचा आजा सांगायचा म्हणे, की मोटारी नव्या नव्या आल्या तेव्हा काही साहेबांनी आणि एका संस्थानिकाने मावळातून घाटापर्यंत मोटारींची शर्यत लावली होती. रस्ते कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्या. एक मोटार ओढ्याच्या गाळात रुतली, ती आज्याच्या बैलांनी ओढून काढली, आणि बैल ओढत होते तरी साहेब खाली उतरला नाही, चाक हातात धरून ताठ बसून राहिला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय, की साहेबाच्या मिशासुद्धा मला पाठ आहेत. खरी किती, देव जाणे. पण नितीनने जुनी का होईना, एक छोटी विजेवरची गाडी घेऊन दिली आणि दाजींच्या मनाने घेतलं, की ती शर्यत पुन्हा लावायची, सगळी मंडळी चार्जिंगच्या गाड्या घेऊन. तळेगावातले दोन डॉक्टर, एक निवृत्त प्राध्यापक, हॉटेलवाले, असे दहा-बारा हौशी त्यांनी गोळा केले. जोरात पळवायची नाही, पोलिसांनी तसं बजावलंच होतं. सगळ्यांनी निम्म्या चार्जिंगवर निघायचं, वाटेत चार्जिंग करायचं नाही, आणि लोणावळ्यात ज्याच्या बॅटरीत जास्त शिल्लक तो पहिला. हायवेची परवानगी मिळाली नाही, म्हणून सुदुंबऱ्याहून तिकोणा पेठेवरून, पवना धरणाच्या अंगाने लोणावळा. "साहेबांची शर्यत इकडून गेलीच नव्हती," मी म्हटलं. "मग चुकलंच त्यांचं," दाजी म्हणाले. या परवानग्यांसाठी त्यांनी मला ज्या-ज्या हापिसांत नेऊन बसवलं, त्या बाकांची आठवण झाली तरी आजही माझी कंबर दुखते.

आणि मग मध्येच त्यांच्या छातीत दुखलं. दवाखाना झाला, स्टेंट बसवली, घरी आले. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं. नितीनने मात्र ठरवूनच टाकलं, की आता आबांनी गाडी चालवायची नाही. त्याचंही चूक नव्हतं, पोरगा पुण्यात नोकरीला, त्याला रात्रंदिवस घोर. अक्का कुणाच्याच बाजूने बोलेना. अखेर मला मध्ये घालून तोड निघाली. शर्यतीपुरती दाजींनी चालवायची, मी शेजारी बसायचं, काही वाटलं तर स्टिअरिंग मी घ्यायचं, आणि लोणावळ्यात पोचले की किल्ली कायमची नितीनच्या हातात. दाजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "देतो की. पन लोनावळ्यापतोर मीच न्हेनार. मदी कुनी हात लावायचा न्हाई." पहिला नंबर वगैरे त्यांच्या मनातही नव्हता. आपल्या हाताने चालवत शेवटपर्यंत जायचं आणि मग आपल्याच हाताने किल्ली द्यायची, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

सकाळी नारळ फुटला, गाड्या निघाल्या. पहिलं गाव येईपर्यंत सगळं सुरळीत. तिथे दाजींच्या चुलत बहिणीचं घर रस्त्यालाच. ती ताट घेऊन उभी. ओवाळून झालं, आणि म्हणाली, "दाद्या, दारावरनं गाडी न्हेतोस आन् म्हातारीला बसवत न्हाईस व्हय?" आता ज्यांना मावळ ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गावात नवी गाडी आली, की घरातल्या थोरामोठ्यांना बसवून भैरोबाच्या देवळापर्यंत एक फेरी मारायची असते. नाही मारली, तर ते पुढच्या दहा लग्नांत ऐकवलं जातं. झाली फेरी. पुढच्या गावी आत्या, त्याच्या पुढच्या गावी कारखान्यातला जोडीदार, त्याच्या पुढे कुणाचे तरी व्याही. मागच्या सीटवर चार-चार माणसं, थंडगार एसी, वर "आमच्या शेजारच्या मावशीला बी घ्या." मी बॅटरीचा आकडा बघत होतो आणि माझं डोकं उठत होतं. "दाजी, ही शर्यत आहे, वरात नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "मेव्हणं, पयल्या डावाला मोटार बगाया लोक रस्त्याला उभं ऱ्हायलं आन् मोटार धूळ उडवून गेली. कुनी बसवलं न्हाई. आता मी बसवतो." तिकोणा पेठेत किसनराव म्हणून त्यांचे लांबचे पाहुणे. त्यांच्या आईचे गुडघे गेलेले, कित्येक महिन्यांत ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिला दोघांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मी उतरून रस्त्यात उभा राहिलो. ती फेरी मारून आली तेव्हा म्हातारी दाजींच्या दंडावरून हात फिरवत राहिली.

पेठ सोडली, धरणाच्या कडेचा रस्ता लागला आणि चढाला गाडी हळू होत होत थांबली. बाकीचे सगळे केव्हाच पुढे गेले होते. नितीनला फोन लावला तर म्हणाला, गाडी तिथेच सोडा, मी घ्यायला येतो. दाजींचा चेहरा उतरला. तो चेहरा मी विसरू शकत नाही... काही अंतरावर एका रिसॉर्टला चार्जिंग होतं, पण मध्ये चढ. मी म्हटलं ट्रॅक्टर बघतो. तोवर पेठेत बातमी पोचली होती आणि किसनराव बैल घेऊन आले. साधे बैल नव्हेत, बैलगाडा शर्यतीचे. अंडी-दूध खाऊन वाढलेले, अंगावर माशी बसली तरी मालकाला राग यावा असे. असल्या बैलांना ओझ्याला जुंपणं म्हणजे आमच्याकडे पाप. किसनराव म्हणाले, "शर्यतीबिगर ह्यांच्या मानंवर म्या जू ठिवलं न्हाई. पन तुमी माज्या आईला देऊळ दावलं. बसा गाडीत, पाव्हणं." चढावर गाडी जड नको म्हणून मी उतरलो. बैलांना सवय पळायची, ओढायची नाही. ते बिचकत, अडत, फुरफुरत चालले, आणि दाजी स्टिअरिंग धरून एकटे आत बसले. चाक हातातून सोडलं नाही. आज्याची गोष्ट खरी असो की थाप, मी मागून चालत होतो आणि माझे डोळे भरून येत होते. धाप लागली म्हणून आलं असेल पाणी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं.

रिसॉर्टवर गाडी चार्जिंगला लावली आणि तिथेच आम्ही शर्यतीतून बाद झालो. दाजी खुर्चीत बसून पेंगले. मी दोनदा म्हटलं, की आता राहू द्या. ते डोळे न उघडता म्हणाले, "तुमी जावा पुढं. मी येतो." लोणावळ्यात पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. मंडपवाला खुर्च्यांची चळत लावत होता. एकच खुर्ची उरली होती, तिच्यावर अक्का बसली होती. तिने उठून पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलात? चला, जेवून घ्या." नितीन बाजूला उभा होता. दाजींनी गाडी बंद केली, उतरले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. नितीनला वर बघवेना. "घे की. ठरलंय तसं," दाजी म्हणाले आणि अक्काच्या मागून जेवायला गेले.

त्यानंतर जेमतेम पावसाळा काढला त्यांनी. आता लोक म्हणतात, शर्यतीनं खाल्लं म्हाताऱ्याला. काही जण म्हणतात, किल्ली काढून घेतली तिथंच माणूस खचला. नितीनच्या कानावर दोन्ही जातं. मला या चर्चेचा शीण आलाय. हृदय कमजोर होतं, गेले. पण दुपारी पडल्या पडल्या माझ्याही मनात तेच येतं.

परवा सुदुंबऱ्याला गेलो होतो. नितीन आला होता. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. "मामा, गाडी नुसती उभीय. तुम्ही न्या. मला तिच्याकडे बघवत नाही." मी नको-हो करत अंगणात गेलो. तर अक्का गाडीत बसलेली, पुढे डाव्या बाजूच्या सीटवर, मांडीवर ताटली, त्यात दोन कप चहा. मी वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"तितं नको," ती म्हणाली. "मागं बस."

मी मागे बसलो. तिने एक कप मागे दिला. "किल्ली दिल्यावर बी ह्ये रोज सकाळचे हितंच येऊन बसायचे. मी च्या हितंच आनायची. कुटं जायचं न्हाई तर बसता कशाला, म्हनायची मी." मग म्हणाली, "नितीनला बोललो न्हाई आमी कदी. त्याला वाईट वाटंल म्हून."

नितीन दारापुढच्या ओट्यावर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आला, मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसला. अक्काने मागे वळून पाहिलं नाही. "दार लाव नीट," तेवढं म्हणाली. त्याने लावलं. चहा संपेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो, आणि स्टिअरिंगसमोरची ती जागा कुणी घेतली नाही.