महिना नसलेला परवाना

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की माझ्या माहेरची, खुटबावची माणसं अजून डोळे मोठे करतात. लग्न ठरताना आईनं सगळी चौकशी केली होती. रान किती, पाणी कुठलं, सासू कशी. बंदुकीचं विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वडगाव रासाईला नदीकाठच्या वस्तीवर मी नवरी म्हणून आले आणि दाराच्या मागं खुंटीला ती लटकलेली पाहिली, तेव्हा वाटलं, सुनेला धाकात ठेवायची ही काय पद्धत झाली!

ती सासऱ्यांची होती. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पिकाच्या राखणीसाठी म्हणून त्यांच्या वडिलांच्या नावावर लायसन होतं, ते पुढं आबांच्या नावावर झालं. दसऱ्याला ती खाली उतरायची, तिला तेल लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि परत खुंटीवर जायची. निवडणूक लागली की मात्र ठाण्यात जमा करावी लागे, आणि आमच्याकडे कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते. मी म्हणायचे, "आबा, माझ्यापरीस ही जास्त येळा म्हायेरी जाती." आबा म्हणायचे, "तिलाबी आणाया म्याच जातो की."

त्यांनी तरुणपणी शिकार केलेली. ससे, तित्तर, कधी लांब माळावर डुक्कर. पुढं कायदा आला आणि ते सगळं थांबलं. गंमत अशी की आबा शिकारीच्या गोष्टी सांगायला बसले, तर कसा नेम धरला, कसं जनावर पाडलं, हे फारसं सांगत नसत. कधी मारायचं नाही, तेच जास्त. पाऊस लागला की बंदूक वर. दिवाळी होऊन माळ वाळला, पिलं मोठी झाली, की मग खाली. दूध पाजणाऱ्या मादीवर चाप ओढायचा नाही. मारलं ते खायचं, आणि वाटून खायचं. ज्याच्या रानात पडलं त्याचा वाटा, हाकारे घालणाऱ्यांचा वाटा, आणि ज्या घरात शिकारीला यायला कुणी गडी उरला नव्हता त्या घरीही वाटा पोचायचा. कुणाच्या हातून दुधाची मादी मेली तर चारचौघात त्याची बंदूक काढून घ्यायचे. भाकरी थापता थापता मी हे ऐकायचे आणि मला ते आवडायचं. तेव्हा त्यातलं काही माझ्या अंगाशी येणार नव्हतं.

मी आले तेव्हा आमच्या शिवारात रानडुक्कर नव्हतं. नंतर ऊस वाढला, नदीकाठी वेड्या बाभळी माजल्या, बारा महिने पाणी आणि बारा महिने आडोसा झाला, आणि डुकरं आली. आली ती अशी की जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. उन्हाळ्यात भुईमूग उपटायच्या आधी त्यांनी अर्धं वावर नांगरून ठेवलं. आम्ही रानाच्या कडेनं साड्या बांधल्या, दिवे लावले, फटाके वाजवले. एका बाजूनं हाकललं तर दुसऱ्या बाजूनं हजर. एकानं तर उसाला तारेतून उघडा करंट सोडला होता. त्यात त्याचंच वासरू गेलं तेव्हा ती तार निघाली. डुकरांनी सगळ्या वस्तीच्या नाकी नऊ आणले.

आणि मग जाऊबाईंचं झालं. माझी थोरली जाऊ. आमचे दोघींचेही नवरे रांजणगावला कंपनीत, शिफ्टला. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की गडीमाणूस म्हणून वस्तीवर आबा तेवढे उरतात. रान आम्ही दोघी बघतो. आषाढात एक दिवस जाऊबाई सकाळी जनावरांसाठी घास कापायला बांधाला बसल्या होत्या. मी मागून पाटी घेऊन चालले होते. मक्यातून काहीतरी काळं सुसाट आलं आणि त्या उताण्या पडल्या. ओरडल्याही नाहीत. मी पोचले तेव्हा सुळा मांडीत घुसून निघालेला होता आणि त्या दोन्ही हातांनी मांडी दाबून मला म्हणत होत्या, "इळा कुठं पडला बघ." टाके पडले, इंजेक्शनं झाली, जखम भरली. पाय मात्र ओढतच राहिला. त्या रानात यायच्या बंद झाल्या. अंगणाच्या पुढं पाऊल टाकलं की त्यांना घाम फुटायचा. माझंही काही वेगळं नव्हतं, फक्त जनावरांना चारा लागतो म्हणून मी जात होते.

श्रावणात पंचायतीच्या पुढं बैठक झाली. डुकरासाठीचा नियम आता सोपा झालाय, असं सांगायला वनखात्याचा एक तरुण अधिकारी आला होता. नीट, समजुतीनं बोलणारा पोरगा. नुकसान झालं की अर्ज करायचा. परवाना मिळाला की लायसनवाल्या बंदुकीनं डुक्कर मारता येईल. मेलेल्या जनावराचा पंचनामा होईल आणि ते जाळून टाकायचं.

मागून कुणीतरी विचारलं, "खायाचं न्हाई व्हय?"

"नाही. अजिबात नाही."

सगळे हसले. हसण्यात थोडी हळहळही होती. पंचक्रोशीत लायसनची बंदूक एकट्या आबांकडे, त्यामुळं सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कोणत्या महिन्यात?"

अधिकाऱ्याला प्रश्न कळला नाही. "महिना असा नाही, आबा. नुकसान झालं की अर्ज. कधीपण."

"पावसाळ्यातबी?"

"हो. पावसाळ्यातपण."

आबा खाली बसले. घरी येताना वाटेत ते मला म्हणाले, "महिना न्हाई, वाटा न्हाई. मारायचं आन् जाळायचं. ही कसली गं शिकार?"

मी म्हणाले, "शिकार न्हाईच ती आबा. बंदोबस्त हाय."

अर्ज मीच केला. मक्याचं रान माझ्या नावावर आहे. परवाना आला, त्यात मारणारा म्हणून आबांचं नाव. आणि आबा काही हलेनात. आज कंबर दुखतीय, उद्या वारं फिरलंय. शेवटी एकदा बोलले, "दिवाळी होऊ दे. आत्ता माद्या पिलांच्या असत्यात."

माझं डोकं फिरलं. जाऊबाई पलीकडंच लसूण सोलत होत्या, तरी मी बोललेच. "डुकरानं जाऊबाईंच्या मांडीत सुळा घातला तवा महिना इचारला व्हता का आबा? दिवाळीपोतर मी चारा कापाया जाऊ का नको, तेवढं सांगा. जनावरं बी थांबतील म्हणा दिवाळीपोतर!" जाऊबाईंनी मला गप्प बसायची खूण केली. मी बसले नाही. या घरात सासऱ्यांपुढं इतकं चढ्या आवाजात कुणी बोललेलं नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बंदूक खुंटीवरून काढून पुसायला बसले.

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही विहिरीच्या काठाला बसलो. मी, कारण त्यांची नजर आता पहिल्यासारखी नव्हती आणि दुसरं कुणी बरोबर यायला नव्हतं. मका डोक्याच्या वर गेलेला, कणसं भरलेली. खूप वेळ काहीच नाही. मग ताटं मोडल्याचा आवाज आला आणि बांधावर एक जनावर निघालं. काळं, मोठं. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "नर हाय ना?" मी पाहिलं. त्या उजेडात मला एक काळा ढीग दिसत होता, बाकी काही नाही. मी म्हणाले, "मला न्हाई कळत, आबा." त्यांनी क्षणभर वाट पाहिली. जनावरानं तोंड आमच्याकडं वळवलं आणि आबांनी चाप ओढला.

बार झाला आणि ते जागीच बसलं. त्या वेळी मला आनंद झाला. उगाच दुसरं काही सांगणार नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

सकाळी पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी ते उताणं केलं. मादी होती. सड दुधानं फुगलेले. कुणी काही बोलायच्या आत मक्यातून बारीक आवाज यायला लागला. वनखात्याच्या माणसांनी पिलं बरीच शोधली, ओळीओळीतून वाकून फिरले. आवाज इकडून यायचा, तिकडून यायचा, हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी लाकडं रचली, वर डिझेल ओतलं आणि मादी जाळली. भाजलेल्या मटणाचा वास साऱ्या वस्तीवर पसरला. तो वास नाकाला चांगला वाटत होता, हेच फार वाईट होतं. आबा जाळापासून हलले नाहीत. अधिकाऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "आबा, नियमानंच झालंय सगळं." आबांनी हो म्हणून मान हलवली. त्यांना ते कळत होतंच.

त्याच दिवशी त्यांनी बंदूक पोत्यात गुंडाळली, शेजारच्याच्या मोटरसायकलवर मागं बसले आणि ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं विचारलं म्हणे, "आबा, आत्ता कुठली निवडणूक?" आबांनी सांगितलं, "निवडणूक न्हाई. आता परत न्यायला यायचो न्हाई." लायसनच रद्द करा म्हणून ते सांगून आले.

मला हे कळलं तेव्हा मी चुलीपुढून उठून अंगणात आले. बोलताना मला रडू येत होतं, रागानं. "तुमच्या जुन्या नियमाचा दंड तुम्ही भरला. बरं झालं. आन् आमचं काय? आता आमचं कोण?"

आबा बाजेवर बसले होते. म्हणाले, "आमचे शिकारीचे नियम सगळे गड्यांनी गड्यांसाठी केलेले. रानात गडी असायचा, हातात काठी असायची. बाई येकटी घास कापत बसंल, ह्ये कुणी धरलंच नव्हतं. डुकराच्या मादीचा इचार केला आमी. तुमचा न्हाई केला." आणि पुढं म्हणाले, "तरीबी माझ्यानं आता व्हायचं न्हाई, पोरी."

मला त्यांचा राग करायचा होता आणि तो करता येईना. मी भाकरी तव्यावर टाकून आले होते, ती करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इळा घेऊन निघाले तर आबा दारात उभे. एका हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात काठी. म्हणाले, "चल, म्होरं मी." तेव्हापासून तेच चाललंय. मी कापते, ते बांधावर उभे राहून डबा बडवतात. त्या आवाजानं माझं डोकं उठतं. खरं सांगायचं तर मला त्यानं धीरही येतो. काही दिवसांनी जाऊबाई आपणहून उठल्या आणि पाय ओढत आमच्या मागं आल्या. आबा डबा वाजवतायत म्हटल्यावर मी घरात बसून काय करू, म्हणाल्या. त्या हसल्याही.

परवा आम्ही तिघं बांधाच्या वळणावर पोचलो आणि पुढं घासाच्या पलीकडं ऊस हलला. वारं नव्हतं. आबांनी डबा जोरात बडवला. ऊस आणखी हलला, जवळ. आबा मागं सरले नाहीत. झटकन सरता आलंच नसतं, त्यांचे गुडघे आता नीट वळत नाहीत. त्यांनी फक्त काठी आडवी धरली आणि आम्हाला पाठीमागं घेतलं. तेवढ्यात जाऊबाई माझ्या शेजारून निघाल्या. ओढत्या पायानं झपाझप पुढं गेल्या, आबांच्या हाताला धरून त्यांना मागं ओढलं आणि स्वतः पुढं उभ्या राहिल्या. हातात नुसता इळा. "आबा, मागं व्हा," म्हणाल्या. आबा म्हणाले, "तू हो मागं." "व्हा म्हणते ना!" मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

उसातलं जे काही होतं, ते थोडा वेळ तिथंच थांबलं. मग नदीच्या बाजूला ताटं मोडत गेलं. आम्हाला ते दिसलं नाही.

त्या दिवशी आम्ही घास कापलाच नाही. तिघंही रिकाम्या पाटीनं घरी आलो, आणि दावणीला जनावरं चाऱ्यासाठी हंबरत होती.